ऑनलाइन मराठी वर्गात मुलांना रमवायचं कसं?

शिरोरेखा

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो, लेक सात वर्षांची आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा आमच्यापासून लांब पडते आणि तिच्या वेळेतच लेकीचं पोहणं असतं, म्हणून पुण्याच्या एका बाईंचा ऑनलाइन वर्ग लावला. दर शनिवारी आमच्याकडे सकाळी साडेदहा, तिकडे रात्रीचे आठ. एक तासाचा वर्ग, बारा मुलं.

सुरुवातीला हौसेने बसायची. आता दहाव्या मिनिटाला खुर्चीवरून घसरायला लागते. परवा मी दारात उभी राहून नीट बघितलं. बाई चित्र दाखवून "म्हणा, ग गवताचा" म्हणत होत्या, सगळ्यांचे माईक बंद. लेक ओठ हलवत होती, पण नजर स्वतःच्याच चौकटीवर. जीभ काढ, भुवया उडव, मागे समुद्राचं चित्र लाव, परत काढ. तासाभरात तिचा नंबर एकदाच आला आणि नेमकी तेव्हा ती पाणी प्यायला उठली होती. बाई तळमळीने शिकवतात, त्यामुळे तक्रार करायला जीभ रेटत नाही.

घरी तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मराठी म्हणजे शनिवारची शिक्षा असं एकदा तिच्या मनाने घेतलं तर आहे तेही जाईल, ही मला खरी धास्ती आहे. मी शेजारी बसू का? वर्ग बदलू? की थोडे दिवस बंद ठेवू? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

मेलबर्नकर

आमचे दोघे मुलगे एकाच वर्गात आहेत, तेव्हा हे सगळं दुप्पट बघितलं आहे. काही गोष्टी आजच करून बघण्यासारख्या आहेत.

झूममध्ये स्वतःच्या चौकटीवर तीन ठिपके असतात, तिथे "हाइड सेल्फ व्ह्यू" सापडेल. बाईंना मूल दिसत राहतं, मुलाला स्वतःचा चेहरा दिसत नाही. निम्मे चाळे तिथेच थांबतात. टॅब हातात देऊ नका, हातात आला की बोट दुसऱ्या ॲपवर जाणारच. लॅपटॉप टेबलावर आणि पाय जमिनीला किंवा पाटाला टेकतील असं बसवा. लोंबकळत्या पायांनी मूल स्थिर बसत नाही. वर्गाआधी अर्धा तास कार्टून नको, बाहेर पळवून आणा.

वर्ग बंद मात्र करू नका. "थोडे दिवस" म्हणून बंद झालेले वर्ग पुन्हा सुरू झालेले आमच्या ओळखीत तरी नाहीत.

पाटीपेन्सिल

शिरोरेखा, मी पुण्याहूनच शिकवते. आधी शाळेत होते, २०२० मध्ये सगळंच घरात आलं तेव्हापासून परदेशातल्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते आहे. मेलबर्नकरांनी सांगितलेलं सगळं योग्यच आहे, पण मला मुळाशी दुसरी गोष्ट दिसते. तुमची लेक त्या दिवशी आली नसती तरी वर्ग जसाच्या तसा पार पडला असता. मुलांना हे फार लवकर कळतं. आपल्यावाचून काही अडत नाही म्हटल्यावर ती कशाला थांबतील? वर्गात आईने शेजारी बसलं काय, बक्षिसाचे स्टिकर दिले काय, तेवढ्यापुरता फरक पडतो.

म्हणून माझ्याकडे एका गटात चार, फार तर पाच मुलं. आठ वर्षांखालच्यांना आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, सलग एक तास नाही. आणि पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येकाच्या तोंडून एक तरी मराठी वाक्य बाहेर पडलंच पाहिजे. मी विचारते, "आज कोणाच्या घरी काय शिजलं?" एकाने सांगितलं की त्यानेच पुढच्याचं नाव घ्यायचं. नाव आपल्या मित्राने घ्यायचं आहे, त्यामुळे कान टवकारलेले राहतात.

एकसुरात "म्हणा सगळ्यांनी" हे ऑनलाइन होतच नाही. प्रत्येकाचा आवाज थोडा थोडा उशिरा पोचतो, माईक चालू ठेवले तर गोंगाट होतो, बंद ठेवले तर मूल भिंतीशी बोलल्यासारखं बोलतं. त्यावर उपाय साधा आहे. एक मूल म्हणणार, बाकीचे हाताने कृती करणार, दर कडव्याला म्हणणारा बदलणार. मी हातांकडे बघते, कोणाला शब्द कळला आणि कोणाला नाही ते हातांवरून लगेच दिसतं.

आता अक्षरांचं. "क कमळाचा, ख खटाऱ्याचा" या क्रमाने गेलं की मुलाला पहिला शब्द वाचायला महिने लागतात, कारण काना खूप उशिरा येतो. मी म, क, न, ल, र ही पाच अक्षरं आणि काना एवढंच आधी घेते. त्यातून मामा, काका, नाक, कान, मान, लाल, मका, मला एवढे शब्द तयार होतात. मग एका मुलीला सांगते, कार्डं जुळवून मला निरोप पाठव. एकीने "मामा मला मका" असं लावलं आणि मामा खरोखरच शेजारच्या खोलीत होता. तो मक्याचं कणीस घेऊन कॅमेऱ्यासमोर आला! त्या पोरीला पहिल्यांदा कळलं की या रेघोट्यांनी माणूस हलतो. पुढच्या वेळी ती स्वतःची कार्डं रंगवून घेऊन बसली होती.

इथे एक बारीक गोष्ट, पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. झूम आपली स्वतःची प्रतिमा आरशासारखी उलटी दाखवतं. बाकीच्यांना ती सुलटीच दिसते. पण मुलाने "क" लिहून कॅमेऱ्यासमोर धरला की त्याला स्वतःच्या चौकटीत उलटा क दिसतो, आणि नुकती अक्षरं शिकणारी मुलं बिचारी पाटी फिरवत बसतात, कधी कधी मुद्दाम उलटं लिहितात. सेटिंगमध्ये "मिरर माय व्हिडिओ" बंद करा. दुसरं, झूम माणसाच्या आवाजाखेरीज बाकीचे आवाज दाबून टाकतं. मला आवाजावरून वस्तू ओळखायचा खेळ आवडतो, खलबत्ता, किसणी, कुकरची शिट्टी. त्यासाठी "ओरिजिनल साउंड" चालू करावं लागतं, नाहीतर मुलांना नुसते हात हललेले दिसतात.

तुमच्या बाईंशी मोकळेपणाने बोला. बारा मुलांचे सहा-सहांचे दोन गट करून अर्धा-अर्धा तास घ्या, असं सुचवा. त्यांचा वेळ तेवढाच जातो, आणि तुमच्या लेकीला आपल्या नंबरासाठी निम्माच वेळ थांबावं लागतं. मला खात्री आहे, त्यांनाही त्या बारा मूक चौकटींकडे बघून बरं वाटत नसेल.

कृष्णाकाठ

मी सांगलीचा, निवृत्त. नात लीड्सला असते, ऑनलाइन मराठी शिकते. आमचं नातं फोनवरचंच. पूर्वी तिचं बोलणं "आजोबा, कसे आहात? मी बरी आहे. बाय" एवढ्यात संपायचं.

तिच्या बाई दर आठवड्याला एक प्रश्न देतात, तो घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचा आणि उत्तर पुढच्या वर्गात सांगायचं. एकदा प्रश्न होता पाण्याचा. मी तिला २०१९ चा पूर सांगितला. ऑगस्टचे दिवस, आमच्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी मोजायच्या खुणा आहेत, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या गल्लीत होडी फिरत होती. तिने मला थांबवून थांबवून विचारलं. होडी कोणाची? मांजर कुठे गेलं? तुम्ही जेवलात काय? सगळं मराठीत, कारण तिला ते वर्गात सांगायचं होतं आणि माझं इंग्रजी तिच्या उपयोगाचं नव्हतं. नंतर तिने पुलाचं चित्र काढून त्यावर मराठी आकडे घातले. पूल १९२९ चा, हेही तिने विचारून घेतलं.

आजी-आजोबांना या कामाला लावा. आम्हाला वेळ आहे, आणि त्याच त्याच प्रश्नाचं उत्तर पुन्हा द्यायला आम्ही कंटाळत नाही.

उलथणं

कृष्णाकाठ, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला जर्मनमध्ये सांगितला. त्याने दोनदा सांगायला लावला.

आम्ही म्युनिकला. नवरा जर्मन, त्याला मराठी येत नाही. त्यामुळे घरात मराठी बोलणारी मी एकटी, आणि मुलाचा ऑनलाइन वर्ग ही आमच्या घरातली मराठीची दुसरी खिडकी. आमच्या वर्गात सगळ्यात चाललेला खेळ म्हणजे स्वयंपाकघरातली शोधाशोध. बाई म्हणतात "पळी आणा", की सगळे पळतात. मग "चाळण", "रवी", "लाटणं", "झारा". ज्याच्या घरी रवी नाही त्याने रवीचं काम कशाने होतं ते सांगायचं, आणि तिथे खरी भाषा सुरू होते. "आमच्याकडे रवी नाही, आई मिक्सर फिरवते" हे माझ्या मुलाचं पहिलं लांबलचक वाक्य.

मला इथे पालकांबद्दलही बोलायचं आहे, कारण हे मला मनापासून खटकतं. वर्ग चालू असताना कॅमेऱ्यामागून आई-बाबा उत्तर पुरवतात. कुजबूज सगळ्यांना ऐकू येते. मूल वळून आईकडे बघतं, मग स्क्रीनकडे बघून तेच म्हणतं. अशी दोन मुलं गटात असली की बाकीची मुलंही बोलायचं सोडतात. शिरोरेखा, पहिले दोन-तीन वर्ग शेजारी बसायला हरकत नाही, पण नंतर खोलीच्या दुसऱ्या टोकाला भाजी निवडत बसा. हाक मारली तर जायचं, नाहीतर नाही.

एका मुद्द्यावर मतभेद नोंदवते. काही वर्गांत इंग्रजी शब्द आला की मुलाला थांबवतात. माझ्या मते हे घातक आहे. मुलाला होडीचा पूर सांगायचा असतो आणि आपण त्याला शब्दावर अडवतो.

पाटीपेन्सिल

उलथणं, मतभेद नाहीच. माझ्याकडेही बंदी नाही. मूल म्हणालं "मी फॉल झाले", की मी म्हणते, "अगं बाई, पडलीस? कुठे पडलीस?" ती म्हणते, "जिन्यावर पडले." दुरुस्ती झाली, गोष्ट थांबली नाही, आणि चारचौघांत तिची चूकही काढली गेली नाही. मी मात्र उत्तर मराठीतच देते, मूल कुठल्याही भाषेत बोलो. मी इंग्रजीत घसरले की पुढची दहा मिनिटं वर्ग इंग्रजीत जातो.

शिरोरेखा

किती मनापासून लिहिलं आहे सगळ्यांनी! एक विचारायचं राहिलं. लेक "मी जातो, मी खातो" म्हणते, कारण तिच्याशी सगळ्यात जास्त मराठी बोलतात ते तिचे बाबा. वर्गात एका मुलाने हसून दाखवलं, तेव्हापासून ती आणखीच गप्प झाली.

कृष्णाकाठ

ताई, तिला सांगा की आमच्या सांगली-कोल्हापूरकडे बायका सर्रास "मी येतो", "मी जातो" म्हणतात. माझी आई जन्मभर तसंच बोलली. हसण्यासारखं त्यात काही नाही.

पाटीपेन्सिल

कृष्णाकाठांचं वर्गात मुद्दाम सांगण्यासारखं आहे. बाकी, प्रमाण भाषेतलं रूप हवं असेल तर तिला तिच्यासारख्या मुलींचं आणि बायकांचं बोलणं भरपूर ऐकायला मिळायला हवं. आजी, मावशी, मामेबहीण. बाबांनी एक करावं, झोपताना गोष्ट सांगताना गोष्टीतल्या मुलीला बोलतं करावं. "मी आजीकडे जाते, तूपरोटी खाते" असं. रूप कानावर पडत राहिलं की जिभेवर येतं. हसणाऱ्या मुलाशी बाईंनी वर्गाबाहेर, वेगळं बोलावं.

रानमेवा

मी जरा वेगळ्या जागेवरून लिहितेय. माझ्या आठ वर्षांच्या मुलाला एडीएचडी आहे, म्हणजे एका जागी बसणं आणि लक्ष टिकवणं त्याला अवघड जातं. आधीच्या एका वर्गात कॅमेरा सक्तीचा होता आणि दर दोन मिनिटांनी त्याच्या नावाने "नीट बस" ऐकू यायचं. तो रडत उठायचा. आता तो मराठी म्हटलं की खोलीचं दार लावून घेतो. अशा मुलांसाठी ऑनलाइन वर्ग होऊच शकत नाही का?

पाटीपेन्सिल

होऊ शकतो. माझ्याकडे असा मुलगा आहे. तो उभा राहून शिकतो, त्याच्यासाठी लॅपटॉप उंच कपाटावर ठेवला आहे. हातात कायम कणकेचा गोळा. आम्ही अक्षरं कणकेचीच करतो, वळी लांबवून आधी उभा दांडा, मग पोट, सगळ्यात शेवटी वर शिरोरेखा ठेवायची. मळताना त्याचं ऐकणं इतरांपेक्षा चांगलं असतं, हे मी त्याला प्रश्न विचारून तपासलं आहे. कॅमेरा बंद करायची त्याला मुभा आहे, फक्त उत्तर कुठल्या तरी वाटेने आलं पाहिजे. आवाजाने, कार्डाने, नाहीतर चॅटमध्ये एका अक्षराने.

रानमेवा, तुमच्या मुलाला आत्ता गटात घालू नका. आधी एकच माणूस, दहा मिनिटं, त्याच्या आवडीच्या विषयावर. त्याला काय आवडतं?

रानमेवा

उत्खननाची यंत्रं. जेसीबी दिसला की जगाचा विसर पडतो.

पाटीपेन्सिल

मग खोदणे, उचलणे, ओतणे, माती, खड्डा, ढिगारा, डावीकडे, उजवीकडे, खोल, उथळ. एवढ्यावर महिनाभर शिकवता येईल. खेळण्यातला जेसीबी कॅमेऱ्यासमोर ठेवायचा, बाईंनी तांदळाच्या परातीत काय कुठून उचलायचं ते सांगायचं, मग उलट, त्याने हुकूम द्यायचे आणि बाईंनी तसं करायचं. मुलांना हुकूम द्यायला फार आवडतं आणि हुकूम देताना ती क्रियापदं चोख वापरतात.

दोन_वेण्या

मी या धाग्यातल्या मुलांसारखी होते. डॅलसला वाढले, आता कॉलेजात आहे. लहानांबद्दल खूप बोलणं झालं, म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या मुलांबद्दल लिहिते, कारण तिथेच सगळ्यात जास्त जण सोडतात.

मीही त्या वयात वर्ग सोडला. कारण सरळ होतं. इंग्रजी शाळेत आम्ही गुलामगिरीच्या इतिहासावर निबंध लिहीत होतो आणि मराठीच्या वर्गात अजून फळांची नावं चालली होती. माझं मराठी लहान होतं, पण मी लहान नव्हते. परत आले ते नाशिकच्या मावसबहिणीमुळे. ती मला आवाजी संदेश पाठवायची, क्रिकेटबद्दल, तिच्या मैत्रिणींच्या भांडणांबद्दल, कॉलेजच्या प्रवेशाबद्दल. मला तिला सल्ला द्यायचा होता, म्हणून शब्द शोधावे लागले. नंतर फोनवर मराठी कीबोर्ड घेतला आणि चुकतमाकत टाइप करायला लागले.

मोठ्या मुलांना जोडीला महाराष्ट्रातलं त्याच वयाचं मूल मिळवून द्या. आठवड्याला एक आवाजी संदेश, पाठवायचा आणि ऐकायचा. वर्गात त्यातल्याच अडलेल्या जागा सोडवा. आणि त्यांना मत विचारा. शहरात बिबट्या शिरला तर दोष कोणाचा? आजीने एकटं राहावं का? सोप्या वाक्यांत अवघड विषय बोलता येतो, फक्त कोणीतरी विचारावा लागतो.

मेलबर्नकर

दोन_वेण्या, हे वाचून मोठं कुतूहल शमलं. आमच्याकडे ते वय येऊ घातलं आहे.

वाचायला काय द्यावं हे कोणी विचारलं नाही, तरी सांगून ठेवतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात. मात्र पहिलीचं पुस्तक घरीदारी मराठी ऐकणाऱ्या मुलासाठी लिहिलेलं असतं, आपल्या मुलांना ते जड जातं, तेव्हा वयाची इयत्ता बघू नका. "किशोर" मासिक बालभारतीचंच, १९७१ पासूनचं, त्याचे जुने अंकही ऑनलाइन मोफत वाचायला ठेवले आहेत. कोडी आणि चित्रकथा वर्गात झकास चालतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पायरीनुसार लावलेल्या आहेत, काही गोष्टी आवाजासह आहेत. त्या छापून घेता येतात, आणि छापलेलं पान हातात असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. बाई वाचतायत आणि मूल आपल्या पानावर बोट फिरवतंय, असं झालं की स्क्रीनवर टक लावून बसायची गरजच उरत नाही.

आणि नाव-गाव-फळ-फूल. कागद-पेन्सिल घेऊन खेळायचा हा खेळ जणू ऑनलाइनसाठीच केलेला आहे. अक्षर काढायला माईकवर "अडम तडम" म्हणायला मुलं मारामारी करतात.

उलथणं

कोडी +१. "सूपभर लाह्या, त्यात एक रुपया" हे मुलाला घातलं. सूप म्हणजे त्याला प्यायचं सूप वाटलं. खरं सूप व्हिडिओ कॉलवर माझ्या आईने पाखडून दाखवलं, मग रात्री गॅलरीत जाऊन चंद्र दाखवला. आता तो बापाला जर्मनमध्ये तेच कोडं घालतो आणि उत्तर मराठीत मागतो. नवरा "चांदण्या" म्हणायला शिकला.

शिरोरेखा

कळवायला आले. बाईंशी बोलले. त्यांना वाईट वाटेल असं वाटत होतं, पण त्याच म्हणाल्या की बारा मुलं जास्त होतायत हे त्यांना कळत होतं, पालकांना वेळ बदलायला सांगायचा संकोच होता. आता सहा-सहांचे दोन गट झाले. लेकीच्या गटात म्युनिकची दोन मुलं आहेत. तिचा चेहरा लपवला, आरसा बंद केला, मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

शनिवारी बाईंनी "आज काय शिजलं" हा खेळ घेतला. लेक म्हणाली, "बाबाने पोहे केले आणि ते जळले." बाईंनी विचारलं, "मग कोणी खाल्ले?" तर म्हणाली, "मी खाल्ले. बाबाला वाईट वाटेल ना." एवढं सगळं एका दमात, मराठीत. वर्ग संपल्यावर तिने स्वतःहून साताऱ्याला आजीला फोन लावून पोहे न जळण्यासाठी काय करायचं ते विचारलं. आजीने पोहे भिजवण्यापासून सांगितलं, बराच वेळ.

अर्ध्या तासात शेवटची पाच मिनिटं अजून चुळबुळ असते, पण ती पाच मिनिटं आहेत, पन्नास नाहीत.

आता एक व्यवहाराची अडचण. नोव्हेंबरात आमचं घड्याळ मागे जाणार. पुण्याचे आठ तेच ठेवले तर आमच्याकडे साडेनऊ होतात, आणि शनिवारी साडेनऊला ती नुकती उठून डोळे चोळत असते. पाटीपेन्सिल, तुम्ही काय करता?

पाटीपेन्सिल

पोहे वाचून फार आनंद झाला. बाईंनाही तसं कळवा, शिकवणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

वेळ मुलाच्या घड्याळाने ठेवायची. भारतात घड्याळ हलत नाही, म्हणून हलायचं आपण. हिवाळ्यात तुमचे साडेदहा राखायचे तर पुण्यात रात्रीचे नऊ होतात. मी तसंच करते, मार्चमध्ये परत आठ. म्युनिकलाही घड्याळ मागे जातं, त्यामुळे त्यांचे साडेचार साडेचारच राहतात. घोळ होतो तो मधल्या एका आठवड्यात. युरोपात घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, त्यामुळे तेवढ्या शनिवारी दोघांची वेळ जुळत नाही. त्या आठवड्यात मी गट घेतच नाही. प्रत्येक मुलाशी त्याच्या सोयीच्या वेळी दहा मिनिटं एकेकट्याने बोलते. गटात दबून राहणारी मुलं त्या दहा मिनिटांत खूप काही सांगतात, म्हणून मी त्या आठवड्याची वाट बघते. तुमच्या बाईंना रात्रीचे नऊ चालतील का, ते आत्ताच विचारून ठेवा.